घड्याळाआधीचा काळ : संगणक जागा होण्याच्या मोजमापाचा इतिहास

१/
संगणकाचे बटण दाबल्यापासून तो कामास सिद्ध होईपर्यंत जो अवधी जातो, त्यास ‘बूट टाइम’ म्हणतात. हा एकूण अवधी मोजणे सोपे आहे; हाती घड्याळ असले की पुरे. परंतु त्या अवधीत काय काय घडले, कोणत्या क्रमाने घडले आणि कोणी किती वेळ खाल्ला, हे शोधणे दीर्घकाळ अवघड राहिले. कारण घटनांची नोंद ठेवणारा लेखनिकच या घटनाक्रमात बऱ्याच उशिरा जन्माला येतो. त्याच्या जन्माआधीचे वृत्त कसे कळावे? या प्रश्नाचा पाऊण शतकाचा हा इतिहास.
#थ्रेड #इतिहास

२/
वेळ सांगणारे घड्याळ, नोंद ठेवायला लागणारी मेमरी, ती जतन करणारी फाइल आणि ती लिहिणारा प्रोग्राम, या चारही सोयी ऑपरेटिंग सिस्टीम पुरवते. बूट होणे म्हणजे या सोयी एकामागून एक उभ्या राहणे. म्हणजे ज्या साधनांनी मोजायचे, तीच साधने मोजमापाच्या काळात घडत असतात. लिपी हाती येण्यापूर्वीच्या मानवी काळाला आपण प्रागितिहास म्हणतो. त्या अर्थाने प्रत्येक संगणकाला, दर वेळी सुरू होताना, स्वतःचा एक छोटा प्रागितिहास असतो.

३/
प्रारंभी हा प्रश्नच नव्हता, कारण संगणकाला जागे करण्याचे काम माणूस स्वतः करी. १९४९ साली केंब्रिज विद्यापीठात ‘एडसॅक’ हा संगणक चालू झाला. त्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी ‘इनिशियल ऑर्डर्स’ नावाच्या ३१ सूचना रचल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरले जाणारे फिरते स्विच घेऊन त्यांवर या सूचना तारांनी कायमच्या जोडून ठेवल्या होत्या. बटण दाबले की त्या मेमरीत उतरत आणि मग पुढचा प्रोग्राम कागदी पट्टीवरून वाचून घेत. यंत्राने स्वतःला सिद्ध करून घेण्याचा हा फार जुना नमुना होय.

४/
‘बूट’ हा शब्द ‘बूटस्ट्रॅप’चे संक्षिप्त रूप आहे. बुटाच्या मागच्या बाजूस असलेली चामडी पट्टी धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचे, अशी ती अशक्य कल्पना. आपल्याकडे शास्त्रग्रंथांत याच धर्तीचा दृष्टांत येतो : नट कितीही निष्णात असला, तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. प्रोग्राम मेमरीत आणायला प्रोग्राम लागतो. मग पहिला कोणी आणायचा? आयबीएमच्या ७०१ या १९५२ सालच्या यंत्रावर त्यासाठी ‘लोड’ नावाचे वेगळे बटणच होते.

५/
१९७५ साली आलेल्या ‘अल्टेअर ८८००’ या घरगुती संगणकावर तर पहिल्या सूचना पुढच्या पट्टीवरील खटके खालीवर करून हाताने भराव्या लागत. पॉल अॅलन हे बिल गेट्स यांच्यासह रचलेला ‘बेसिक’ प्रोग्राम दाखवायला अल्बुकर्कला निघाले, तेव्हा तो यंत्रात उतरवणारा लोडर लिहायचा राहून गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. तो त्यांनी विमानातच लिहिला. येथे बूट टाइम म्हणजे माणसाच्या बोटांचा वेग होता. तो मोजण्याची गरज कोणाला भासली नाही.

६/
१९८१ च्या आयबीएम पीसीने चित्र बदलले. हे यंत्र आपले आपण सुरू होई, पण सुरू होण्याआधी सगळी मेमरी तपासून पाही. मेमरी जितकी अधिक, तितकी प्रतीक्षा लांब. हे यंत्र घडवणाऱ्या अभियंत्यांना दिवसातून अनेकदा ते नव्याने सुरू करावे लागे आणि प्रत्येक वेळी ही तपासणी सोसावी लागे. त्यांच्यातील डेव्हिड ब्रॅडली यांनी ‘कंट्रोल-ऑल्ट-डिलीट’ ही तीन कळांची जोडणी केली. तिने यंत्र पुन्हा सुरू होई आणि मेमरीची तपासणी वगळली जाई. जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध कळजोडणीचे मूळ बूट टाइमच्या कंटाळ्यात आहे.

७/
दोन वर्षांनी, १९८३ च्या ऑगस्टमध्ये, अॅपलच्या कचेरीत वेगळाच युक्तिवाद झाला. मॅकिन्टॉशचे काम चालू होते आणि तो फ्लॉपीवरून सुरू व्हायला फार वेळ घेई. स्टीव्ह जॉब्स यांनी लॅरी केनयन या अभियंत्याला गाठून हिशेब मांडला : प्रत्येक वेळी १० सेकंद वाचले आणि ५० लाख लोकांनी हे यंत्र रोज सुरू केले, तर दररोज ५ कोटी सेकंद वाचतील, वर्षभरात ती कित्येक माणसांची आयुष्ये होतील. पुढील काही महिन्यांत केनयन यांनी १० सेकंदांहून अधिक वेळ कमी केला.

८/
हा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. रोजचे ५ कोटी सेकंद म्हणजे वर्षाचे १,८२५ कोटी सेकंद, म्हणजेच सुमारे ५७८ वर्षे. माणसाचे आयुष्य ७० वर्षांचे धरले, तर वर्षाला ८ आयुष्ये. जॉब्स यांनी डझनांच्या भाषेत मांडलेला आकडा फुगवलेला होता. शिवाय ही कथा सांगितली आहे ती अँडी हर्ट्झफेल्ड यांनी, घटनेनंतर सुमारे दोन दशकांनी, आठवणींवरून. इतिहासाच्या भाषेत हे बखरीच्या जातीचे साधन झाले : वृत्ती अचूक, आकडे सावधपणे घ्यावेत. तरीही बूट टाइमकडे यंत्राच्या दृष्टीने न पाहता माणसाच्या दृष्टीने पाहणारा हा युक्तिवाद लक्षात राहतो.

९/
या सगळ्या काळात मोजमाप बाहेरून होत होते. घड्याळ माणसाच्या हाती. आत काय चालले आहे याचा पुरावा म्हणजे पडद्यावर सरकणाऱ्या ओळी. पण त्या ओळीही फुकट नव्हत्या. ९६०० बॉड वेगाच्या सीरियल तारेवरून सेकंदाला ९६० अक्षरे जातात. म्हणजे ८० अक्षरांच्या एका ओळीला सेकंदाचा बारावा भाग लागतो आणि अशा २४० ओळींना २० सेकंद. साक्षीदाराने तोंड उघडले की घटनाच लांबे. म्हणून बूट जलद करण्याच्या उपायांत कर्नलला गप्प बसवणे, हा एक जुना व गुणकारी उपाय ठरला.

१०/
आतून मोजण्याचा एक मोठा संघटित प्रयत्न मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एक्सपी’च्या वेळी केला. २००१ साली आलेल्या या प्रणालीसाठी लक्ष्य आधीच ठरवले होते : नव्या संगणकावर बूट ३० सेकंदांत, हायबरनेशनमधून परत येणे २० सेकंदांत आणि स्टँडबायमधून ५ सेकंदांत. यंत्र तयार करणाऱ्या कंपन्यांना विलंब शोधता यावा म्हणून ‘बूटव्हिस’ नावाचे साधन दिले गेले. कोणता ड्रायव्हर केव्हा सुरू झाला, डिस्क केव्हा व्यग्र होती, प्रोसेसर केव्हा रिकामा होता, हे सारे ते एकाखाली एक पट्ट्यांत काढून दाखवी.

११/
बूटव्हिसची पुढची कथा बोधप्रद आहे. सर्वसामान्य वापरकर्त्यांनी ते बूट जलद करणारे औषध समजून डाउनलोड करण्यास आरंभ केला. वस्तुतः ते केवळ निदानाचे साधन होते. एक्सपी स्वतःच प्रत्येक बूटच्या वेळी कोणत्या फाइली लागल्या याची टिपणे ठेवी आणि पुढच्या वेळी त्या आधीच वाचून घेई. बूटव्हिसने वापरकर्त्याचा संगणक जलद होत नाही, असा खुलासा करून मायक्रोसॉफ्टला ते अखेर मागे घ्यावे लागले. तापमापक गिळल्याने ताप उतरत नाही, एवढेच सांगायचे होते.

१२/
लिनक्सच्या जगात या शोधाला धार आली ती छोट्या उपकरणांमुळे. टीव्ही किंवा कॅमेरा चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबायला ग्राहक तयार नसतो. २००४ च्या ओटावा लिनक्स परिषदेत सोनीचे टिम बर्ड यांनी या विषयावर निबंध सादर केला. त्यातील दोन निष्कर्ष विलक्षण साधे होते. लहानलहान विलंब मोजता यावेत म्हणून कर्नल प्रत्येक बूटच्या वेळी, एका टिकटिकीत रिकाम्या लूपचे किती फेरे होतात, हे नव्याने मोजत असे. त्यात सुमारे पाव सेकंद जाई आणि त्याच यंत्रावर उत्तर दर वेळी जवळपास तेच येई. ते एकदा लिहून ठेवले की काम झाले.

१३/
दुसरा निष्कर्ष घड्याळाचा. यंत्रातील बॅटरीवर चालणारे घड्याळ केवळ पूर्ण सेकंद सांगते. म्हणून अचूक वेळ लावण्यासाठी कर्नल पुढचा सेकंद बदलेपर्यंत थांबून राही. कधी क्षणभर, कधी जवळजवळ पूर्ण सेकंद. म्हणजे वेळ अचूक कळावी म्हणून वेळ घालवला जात होता. ज्या कॅमेऱ्याला सेकंदाच्या अंशाइतकी अचूकता नकोच होती, त्यालाही ही प्रतीक्षा चुकत नव्हती. हे दोन्ही विलंब कोणाच्या निष्काळजीपणातून आले नव्हते. प्रत्येकामागे एक रास्त कारण होते. फक्त त्या कारणाची किंमत कोणी मोजली नव्हती.

१४/
याच सुमारास कर्नलच्या प्रत्येक संदेशापुढे वेळ छापण्याची सोय रूढ झाली. पण ती नोंदवही उघडली की एक विचित्र गोष्ट दिसे. आरंभीच्या कित्येक ओळींपुढे एकच वेळ : ०.००००००. त्या एकाच क्षणी घडल्या होत्या असे नव्हे. तोवर कर्नलचे घड्याळच लागलेले नव्हते, म्हणून सर्वांची तिथी शून्य. कालगणना सुरू होण्याआधीच्या घटना एकाच शिळेवर एकावर एक कोराव्यात, तसे ते दृश्य होते. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांवर हा शून्यकाळ बराच कमी झाला तो २०१८ च्या ४.१९ या आवृत्तीत.

१५/
२००४ च्या नोव्हेंबरमध्ये रेड हॅटचे ओवेन टेलर यांनी फेडोराच्या कार्यकर्त्यांपुढे एक आव्हान ठेवले : बूटच्या वेळी काय चालले असते, याचे भिंतीवर लावता येईल असे एक चित्र कोणी काढून दाखवावे. काही दिवसांतच झिगा माखोवेक यांनी ‘बूटचार्ट’ तयार केले. वर प्रोसेसर व डिस्क यांचा वापर, खाली प्रत्येक प्रोसेसची एक आडवी पट्टी; ती कोठे सुरू झाली, कोणी सुरू केली आणि कोठे संपली. एका नजरेत सगळी शकावली. जे लोक वर्षानुवर्षे अंदाजाने बोलत होते, त्यांच्या हाती प्रथमच समकालीन कागद आला.

१६/
बूटचार्टची युक्ती अशी. नेहमी ज्या प्रोसेसला पहिला मान असतो, त्या ‘इनिट’च्या जागी कर्नल प्रथम बूटचार्टच्या लेखनिकाला उठवतो. लेखनिक मागे थांबतो आणि मग खऱ्या इनिटला वाट मोकळी करून देतो. डिस्कवर अजून लिहिता येत नसते, म्हणून तो मेमरीत तात्पुरती जागा घेऊन सेकंदाला पाच वेळा सर्व प्रोसेसची स्थिती टिपतो. चित्र मात्र नंतर, सगळे शांत झाल्यावर काढले जाते. घटना घडताना फक्त टिपायचे आणि अर्थ नंतर लावायचा, हा नियम येथे तंत्रज्ञानाने स्वतंत्रपणे शोधून काढला.

१७/
पुरावा हाती आल्यावर महत्त्वाकांक्षा वाढली. २००८ च्या सप्टेंबरमध्ये लिनक्स प्लंबर्स परिषदेत इंटेलचे आर्यान व्हॅन डे व्हेन आणि ऑके कॉक यांनी असूसच्या ‘ईईई पीसी’ या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स ५ सेकंदांत सुरू करून दाखवले. प्रोजेक्टरला चित्र पकडायला त्याहून अधिक वेळ लागत होता, म्हणून त्यांना लॅपटॉपच हातात उंच धरून सभेला दाखवावा लागला. त्यांची भूमिका अशी की ‘जरा जलद’ हे ध्येयच नव्हे. ५ सेकंद हे ध्येय. त्यांनी अंदाजपत्रक मांडले : कर्नलला १ सेकंद, आरंभीच्या तयारीला १, ग्राफिक्सला १ आणि डेस्कटॉपला २.

१८/
त्यांनी दुसरीही एक गोष्ट स्पष्ट केली : बूट संपले असे केव्हा म्हणायचे? पडदा दिसला तेव्हा नव्हे, तर प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही शांत झाले तेव्हा. डेस्कटॉप दाखवून मागे अर्धी कामे रेटत राहणे त्यांना मान्य नव्हते. या कडक व्याख्येमुळे लपलेला खर्च उघडा पडला. ग्राफिक्सची यंत्रणा प्रत्येक वेळी कीबोर्डचा नकाशा मुळापासून नव्याने कंपाइल करी, हा त्यातलाच एक खर्च. कीबोर्ड कालचाच, नकाशाही कालचाच. कोणत्याही कालखंडाचा अभ्यास करताना तो कोठे संपला हे ठरवण्यावर निष्कर्ष अवलंबून असतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको.

१९/
२०१० च्या ३० एप्रिलला लेनार्ट पोटरिंग यांनी ‘सिस्टमडी’ची कल्पना मांडणारा दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एक सोपी मोजपट्टी सुचवली. प्रत्येक नव्या प्रोसेसला पुढचा क्रमांक मिळतो. संगणक सुरू करून टर्मिनल उघडावे आणि त्याचा क्रमांक पाहावा. त्यांच्या यंत्रांवर लिनक्समध्ये तो १८२३ आला, मॅकवर १५४. म्हणजे माणूस समोर बसेपर्यंत लिनक्सवर हजाराहून अधिक प्रोसेस जन्मून बहुतांशी मरूनही गेल्या होत्या. त्यांच्या प्रणालीतील आरंभीच्या स्क्रिप्ट एकट्या ‘ग्रेप’ला किमान ७७ वेळा आणि ‘ऑक’ला ९२ वेळा बोलावत.

२०/
सिस्टमडीबरोबर ‘अॅनालाइझ’ हे साधन आले आणि त्याची एक आज्ञा आहे ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणे. कोणत्या सेवेने किती वेळ घेतला, याची उतरत्या क्रमाने यादी ती देते. परंतु तिच्या अधिकृत माहितीपत्रकातच इशारा आहे : यादी दिशाभूल करू शकते, कारण एखादी सेवा स्वतः संथ नसून दुसऱ्या कोणाची वाट पाहत असेल. दोष यादीत वर असलेल्याचा असेलच असे नाही. म्हणून ‘क्रिटिकल चेन’ ही वेगळी आज्ञा आली. कोण कोणासाठी थांबले, अशी साखळी ती दाखवते. कालानुक्रम आणि कार्यकारणभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे दोन आज्ञांत विभागलेले दिसते.

२१/
तरी कर्नलच्या अगदी आरंभीचा भाग अंधारातच होता, कारण नेहमीची शोधसाधने तेथे अजून उभी राहिलेली नसतात. २०१७ साली फ्रीबीएसडीचे कॉलिन पर्सिव्हल यांनी त्यासाठी ‘टीएसलॉग’ रचले. दोन अडचणी होत्या : घड्याळ नाही आणि जागा मागायला मेमरीचा कारभारी नाही. घड्याळाऐवजी त्यांनी प्रोसेसरच्या आतला सतत वाढणारा आकडा वापरला. जागा कर्नल तयार करतानाच राखून ठेवली. प्रत्येक फंक्शन आत शिरताना व बाहेर पडताना एक आकडा टिपायचा, बस्स. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये रूढ केलेल्या ‘फ्लेम ग्राफ’च्या, म्हणजे ज्वाळांसारख्या दिसणाऱ्या आलेखाच्या रूपात ही टिपणे मांडली जातात.

२२/
या आलेखांनी मोठे विलंब दाखवले, ते एकेक करून हटले आणि मग २०२३ मध्ये एक गमतीदार अवशेष वर आला. अॅमेझॉनच्या ‘फायरक्रॅकर’ या हलक्या आभासी यंत्रात फ्रीबीएसडीचा कर्नल आपल्या आरंभीच्या वेळेपैकी ७ टक्के वेळ ‘बबल सॉर्ट’मध्ये घालवत होता. कोणते काम आधी, कोणते नंतर हे ठरवण्यासाठी हजाराहून अधिक नोंदी शेजारच्या शेजारी अदलाबदल करत लावल्या जात. हजार नोंदींना या रीतीने जवळपास ५ लाख तुलना लागू शकतात. ‘मर्ज सॉर्ट’ला सुमारे १० हजार. पद्धत बदलल्यावर सुमारे २ मिलिसेकंद वाचले.

२३/
ही बबल सॉर्ट १९९० च्या दशकातली. तेव्हा ती चूक नव्हती. यादी लहान होती आणि बूटला जेथे कित्येक सेकंद लागत, तेथे २ मिलिसेकंद कोणाला दिसणार? मागची पिढी अडाणी होती, असा निष्कर्ष यातून काढणे अनैतिहासिक ठरेल. डोंगर हटल्यावरच मागची टेकडी दिसते. फायरक्रॅकर २०१८ मध्ये जाहीर झाले तेव्हा १२५ मिलिसेकंदांत यंत्र उभे करण्याचा त्याचा दावा होता. एकूण वेळ सेकंदांवरून मिलिसेकंदांवर आली, तेव्हा जुन्या निर्णयाचे वजन बदलले. निर्णय मात्र तोच होता.

२४/
दरम्यान २०१२ च्या ‘विंडोज ८’ने बूटची व्याख्याच बदलली. संगणक बंद करताना वापरकर्त्याचे काम बंद होई, पण कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाई आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाई. त्यातून नवीच अडचण उभी राहिली. दुरुस्तीच्या पर्यायांत जाण्यासाठी ‘एफ८’ दाबायला जी उसंत मिळे, ती २०० मिलिसेकंदांहूनही कमी झाली. माणसाचे बोट तेवढे जलद नसते. अखेर ती कळ सोडून देऊन पर्यायांची वाट चालू विंडोजच्या आतून काढावी लागली. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या काळात माणूस यंत्राची वाट पाहत होता. येथे यंत्र माणसासाठी थांबेनासे झाले.

२५/
जॉब्स यांच्या हिशेबात आयुष्ये वाचणे हा अलंकार होता. मोटारींच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला. अमेरिकेत गाडी मागे घेताना होणाऱ्या अपघातांत वर्षाला सरासरी २१० माणसे दगावत, असे तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाने नोंदवले आहे. त्यांत ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले. २००८ मध्ये याविषयीच्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. अशाच अपघातात गेलेल्या एका बालकाचे नाव त्या कायद्याला आहे. २०१४ च्या नियमानुसार रिव्हर्स गिअर टाकल्यापासून २ सेकंदांच्या आत मागचे दृश्य दिसलेच पाहिजे. १ मे २०१८ पासून तो नव्या मोटारींना पूर्णपणे लागू झाला.

२६/
चालक गाडीत बसतो, किल्ली फिरवतो आणि लगेच गाडी मागे घेतो. त्या वेळी पडद्यामागचा संगणक नुकता कोठे जागा होत असतो. गाणी, नकाशा, फोन यांच्या रांगेत कॅमेरा शेवटी उभा राहिला तर चालत नाही. म्हणून अभियंत्यांना बूटचा क्रमच उलटा लावावा लागतो : आधी कॅमेरा, मग बाकीचे. हे करायचे तर कोणत्या मिलिसेकंदाला काय घडते हे ठाऊक हवे. बूटचार्टपासून टीएसलॉगपर्यंतच्या साधनांनी शिकवलेली विद्या येथे उपयोगी पडते.

२७/
प्रागितिहासाची सीमा आता बरीच मागे गेली आहे. २०११ च्या एसीपीआय ५.० या मानकानुसार फर्मवेअर स्वतःच्या वेळांची एक तालिका ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देऊ शकते. आधीच्या पिढीने पुढच्या पिढीसाठी ठेवलेली चिठ्ठीच ती. मेमरी चालू होण्यापूर्वीची टिपणे काही फर्मवेअर प्रोसेसरच्या कॅशमध्ये ठेवतात. त्याहीआधी, वीजपुरवठा स्थिर झाल्याचा इशारा येईपर्यंत, एटीएक्स मानकानुसार १०० ते ५०० मिलिसेकंद जातात. तेथे प्रोसेसरने पहिली सूचनाही वाचलेली नसते, म्हणून आतला कोणताच साक्षीदार नाही. तो काळ मोजायचा तर आजही यंत्राबाहेर उभे राहून, हाती वेगळे घड्याळ घेऊनच मोजावा लागतो.

(धागा समाप्त)